हेमावन्संचा तास

दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून हेमावन्संचा फोन मी मान वाकडी करून खांद्यावरच घेतला. हाताने आलेखवह्यांचा गठ्ठा सोडत होते. वन्संनी खुशाली विचारली नाही, हवेबद्दल बोलल्या नाहीत, सरळ म्हणाल्या, "वहिनी, हौसाबाईंना विचारशील का, संध्याकाळी आणखी तासभर थांबतील का?"

"का हो? ऑफिसची वेळ बदलली का तुमच्या?"

"नाही. माझा तो तास आता बंद करू या. आईला त्याचा काही उपयोग नाही."

मी गठ्ठा खाली ठेवला. समोरच्या मुलीला खुणेनेच थांब म्हटलं. "भांडलात की काय दोघी?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला हसू आलं. कारण त्या दिवसांत आत्यांना एकच शब्द बोलता येत होता, आणि तो शब्द होता 'बरं'.

वन्सं हसल्या नाहीत. विचारून ठेव, एवढं म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

आमच्याकडे बार्शीत सासूला आत्या म्हणतात. या आत्यांना त्याआधीच्या श्रावणात झटका आला होता. काठी घेऊन चालू लागल्या, डाव्या हाताने चमचा धरून जेवू लागल्या, पण उजवा हात नुसता लोंबायचा आणि बोलणं गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त शब्द दाराशी येऊन अडकतात. जो एक सुटून बाहेर पडला तो 'बरं'. पंचवीस वर्षांत माझी एक भाजी ज्या बाईपुढे धड पास झाली नाही, ती बाई आता प्रत्येक भाजीला 'बरं' म्हणू लागली. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना सांभाळायला येणाऱ्या हौसाबाई उशिरा आल्या की तोच शब्द असा यायचा, की त्या बिचाऱ्या दारातच चपला हातात घेऊन उभ्या राहायच्या.

हौसाबाई दिवसभर असायच्या आणि सहाला जायच्या. मी आणि आमचे हे, विलास, दुकान आवरून आठाच्या पुढे घरी. मधल्या वेळेत आत्या एकट्या. त्यावर उपाय काढला तो हेमावन्संनीच. वन्सं म्हणजे ह्यांच्या बहीण, इंग्लंडात असतात. आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा तिकडे त्यांची जेवणाची सुट्टी असते. त्या डबा घेऊन ऑफिसबाहेर आपल्या गाडीत जाऊन बसत आणि आमच्या फळीवर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून आईकडे बघत. बघत आणि बोलत. कॅमेऱ्याला छोटा स्पीकर होता, त्यातून त्यांचा आवाज आमच्या बाहेरच्या खोलीत यायचा. आईच्या आजारपणात माझ्या वाटणीला हा तास, असं त्या म्हणायच्या.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा मोबाईलवर चेहरा बघून का नाही बोलायचं? करून पाहिलं होतं. हातभर अंतरावर लेकीचं मुंडकं हलताना दिसलं की आत्या घाबरून तोंड फिरवायच्या, नाहीतर मोबाईल कानाला लावून वन्संना कानातले केस दाखवायच्या. पण फळीवरून नुसता आवाज आला तर त्यांना चालायचं. उभा जन्म रेडिओ ऐकण्यात गेलेला. त्या खुर्ची फळीसमोर ओढून घ्यायच्या, वन्सं तिकडे पोळीचा घास चावत सांगायच्या, आज बर्फ पडलं, आज बॉसने असं केलं, आणि आत्या मधूनमधून 'बरं' म्हणायच्या. शेवटी वन्संनी म्हणायचं, "आई, आता दिवा लाव." मग आत्या उठायच्या. देवघर समोरच्या भिंतीला, म्हणजे फळीकडे पाठ करून जावं लागे. काडी ओढणं एका हाताने जमायचं नाही म्हणून मी बटणाची समई आणली होती. बटण मात्र त्या डाव्या हाताने दाबत. देवाला फूल वाहायचं झालं तर मला हाक असायची. डाव्या हाताने देवाधर्माचं काही करायचं नाही, यात त्यांनी झटक्यालाही सवलत दिली नव्हती.

हे सगळं जमवलं होतं मी. बारावी कॉमर्स, पुढे शिवणाचा क्लास, आणि पन्नाशीला टेकताना हे एक नवं वेड. आमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीने मधेच आपलं दुकान गुंडाळलं, तेव्हा तो फेकून देण्याऐवजी मी यूट्यूबवर बघून बघून शिकले. घरातला राउटर हा बिल्डिंगच्या वॉचमनसारखा असतो. आतले लोक बाहेर जाऊ शकतात, पण बाहेरून आलेल्याला तो आत सोडत नाही. त्याला लिहून द्यावं लागतं, की या नंबरच्या दाराने कुणी आलं तर त्याला अमुक खोलीत पाठव. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. आमच्या कॅमेऱ्याला दोन दारं लागायची. आठ हजार नंबरच्या दाराने खोलीतलं चित्र आणि आवाज वन्संकडे जायचा, आणि आठ हजार एकने वन्संचा आवाज आत यायचा. मी राउटरच्या पानावर दोन ओळी भरल्या, दोन्हीपुढे हिरवी खूण आली, आणि त्या दिवशी हे चारचौघांत म्हणाले, की आमच्या घरात आता इंजिनियर आहे. स्वतः त्यांना टीव्हीचा रिमोट झेपत नाही.

तर असा तो तास. तो वन्सं बंद करायला निघाल्या होत्या, आणि आत्यांचं काय होतंय ते मी डोळ्यांनी बघत होते. संक्रांतीनंतर त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. जेवण निम्म्यावर आलं. व्यायाम करून घ्यायला यायच्या त्या बाईंना त्यांनी दोनदा परत पाठवलं. आम्ही दुकानातून यायचो तर घरात अंधार, समई विझलेली, आणि आत्या फळीसमोर खुर्चीत. मी दिवा लावायचे. आत्या माझ्याकडे न बघता 'बरं' म्हणायच्या, आणि तो 'बरं' ऐकवत नसे. हे म्हणाले, थंडीचं होतं म्हाताऱ्या माणसांना असं. मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

वन्संचा तो फोन आला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी दुकानातून लवकर निघाले. रथसप्तमी जवळ आली होती, शेजारच्या ढगेबाईंकडे हळदीकुंकू होतं, साडी बदलून जायचं होतं. कुलूप काढून आत आले तर आत्या नेहमीच्या जागी. आणि फळीवरच्या कॅमेऱ्यावर निळा ठिपका. तिकडून कुणी बघत असलं की तो ठिपका लागतो. म्हणजे वन्सं गाडीत बसून बघत होत्या. आत्या त्या ठिपक्याकडे बघत होत्या. आणि खोलीत कुणाचाच आवाज नव्हता.

मी स्वयंपाकघरात गेले आणि वन्संना फोन लावला. हळूच म्हटलं, "बघताय ना? मग बोलत का नाही त्यांच्याशी?"

"नुसतंच बघत होते," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ती बघ ना, वहिनी. कशी तोंडाकडे बघत बसते. दिवा लाव म्हटलं तर लावत नाही. आधी दोन-चार दिवस म्हणून पाहिलं मी. आता नाही म्हणत."

"कधीच तुमचा शब्द मोडत नाहीत त्या."

"आता मोडते."

मला वाटलं, दोघींचं असं तुटत चाललंय ते कुठेतरी थांबवायला हवं. म्हटलं, माझ्यासाठी एकदा हाक मारा. मी बाहेर येऊन उभी राहते. वन्सं नको नको म्हणत होत्या. मी बाहेर आले, आत्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले. फोन माझ्या कानाला होताच.

"आई," वन्सं म्हणाल्या.

ते माझ्या कानात आलं. खोलीत आलं नाही.

आत्यांनी मान वळवली नाही, पापणी हलवली नाही. मी म्हटलं, "वन्सं, परत म्हणा. बोलायचं बटण दाबलंय ना?" त्यांनी दाबलंय म्हणून सांगितलं आणि परत हाक मारली, या वेळी मोठ्याने. माझा कान दुखला. फळी मुकी.

"वन्सं, तुमचा आवाज येतच नाहीये इथे."

अगदी सपाट आवाजात त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

मला त्या वेळी त्यांच्या आवाजाकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. मी इंजिनियर झाले होते. लॅपटॉप आणला, राउटरचं पान उघडलं. दोन्ही ओळी जागच्या जागी, दोन्हीपुढे हिरव्या खुणा. मग खाली बारीक अक्षरात काय आहे ते बघितलं. राउटरच्या आतही एक सॉफ्टवेअर असतं, आणि कंपनी ते लांबूनच बदलते, आपल्याला न विचारता. शेवटचं कधी बदललं त्याची तारीख तिथे होती.

"किंक्रांतीच्या पहाटे याने नवं सॉफ्टवेअर घेतलंय," मी सांगितलं. "आवाज गेला असेल तर तेव्हापासून. आधी शक्य नाही, संक्रांतीला तुम्ही बोललेलं मी स्वतः ऐकलंय. तिळगुळाचं."

"पहाटे? नक्की पहाटे?"

"हो. साडेचारची वेळ दाखवतोय. का हो?"

"काही नाही." मग स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे किंक्रांतीच्या संध्याकाळी तिला काहीच ऐकू आलं नाही."

"काहीच नाही. त्यांना वाटलं असेल, तुम्ही यायच्याच थांबलात."

वन्सं रडत होत्या की हसत होत्या ते मला कळलं नाही. म्हणाल्या, "असू दे वहिनी. एका अर्थी ठीकच झालं. दुरुस्त करायची घाई करू नकोस." आणि सुट्टी संपली म्हणून फोन ठेवला.

आपलं माणूस असं चक्रमासारखं बोललं की मी त्याचं ऐकत नाही. मी आत्यांच्या पायाशी बसले, त्यांचा लुळा हात मांडीवर घेतला, आणि सांगितलं की वन्सं रोज येत होत्या, रोज बोलत होत्या, यंत्रात बिघाड होता. आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग निळ्या ठिपक्याच्या जागेकडे बघितलं, आता तो विझला होता. "बरं," त्या म्हणाल्या. उठल्या, काठी टेकत गेल्या आणि समई लावली. त्या रात्री त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली. मी ढगेबाईंकडे गेलेच नाही.

दुसऱ्या दिवशी हे एकटे दुकानात आणि मी राउटरसमोर. निघताना हे म्हणाले, "बंद करून चालू कर की." जगातल्या सगळ्या यंत्रांना ह्यांचं हेच औषध. ते माझं सकाळीच करून झालं होतं. कंपनीला फोन लावला. तिथली बाई फार गोड होती. तिने तिच्या बाजूने बघितलं आणि म्हणाली, मॅडम, तुमच्या दोन्ही सेटिंग ऑन दिसतायत. मी म्हटलं, दिसतायत, पण चालत नाहीत. ती म्हणाली, पण ऑन दिसतायत. आमचं बराच वेळ असं चाललं. शेवटी तिनेही बंद करून चालू करा सांगितलं. विलासरावांना तिथे नोकरी लागली असती.

मी दुसरी ओळ पुसून नव्याने लिहिली. कॅमेरा बदलून बघितला असता, पण दुसरा होता कुठे? स्पीकर बिघडलाय का बघायला घरातल्या घरात मोबाईलवरून कॅमेऱ्यात बोलले, तर माझाच आवाज फळीवरून खणखणीत आला आणि आत्या दचकल्या. म्हणजे स्पीकर ठणठणीत. आवाज वॉचमनपाशी अडत होता. वॉचमनच्या हातात कागद होता, कागदावर दोन्ही नावं होती, आणि तो एकालाच सोडत होता.

आत्या पाच वाजल्यापासूनच खुर्चीत बसल्या होत्या. हौसाबाईंकडून वेणी घालून घेतली होती. त्यांना मी काय करतेय ते ठाऊक होतं, आणि मी निश्वास टाकला की त्या 'बरं' म्हणायच्या. तो धीराचा होता.

वन्सं आल्या. निळा ठिपका लागला, माझा फोन वाजला. बोलून बघा म्हटलं, फळी मुकीच. तेव्हा मला एक गंमत सुचली. ती सुचली ती दुकानामुळे. आमच्याकडे माल आणून देणारा एक जण होता, यादीतली पहिली ओळ वाचायचा आणि बाकीचं विसरायचा. मला वाटलं, या नव्या सॉफ्टवेअरचं तसंच तर नसेल? एका कॅमेऱ्याच्या नावावर दोन ओळी असल्या तर हा वरची वाचत असेल आणि खालची नुसती दाखवायला हिरवी करत असेल? मी दोन्ही ओळी पुसल्या आणि उलट्या लिहिल्या. आवाजाची वर, चित्राची खाली. जतन करा दाबलं.

निळा ठिपका विझला. आणि फळीवरून आवाज आला, "वहिनी, सगळं काळं झालं इथे. काही दिसत नाहीये मला."

आत्यांचा डावा हात छातीशी गेला. "बरं," त्या म्हणाल्या. "बरं. बरं. बरं."

मला नाचावंसं वाटलं. मी फोनवर वन्संना सांगितलं, सापडला, राउटरच चुकतोय, एकच ओळ पाळतोय, आता तुमचा आवाज येतोय पण चित्र गेलंय, दोन्ही एकदम कसं आणायचं ते बघते. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"आई समोर आहे?"

"इथेच आहेत. तुमचा आवाज ऐकून हसतायत."

"मला तिचं काही दिसत नाहीये. ऐकूही येणार नाही ना?"

"चित्राबरोबरच येतो खोलीतला आवाज. फोनवर ऐकवू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "असंच राहू दे थोडा वेळ. तू फोन ठेव. तू तिथे बस हवं तर, पण फोन ठेव."

मी फोन ठेवला. खोलीत मी, आत्या आणि फळीवरचा तो आवाज. आधी गाडीचं दार नीट लावल्याचा आवाज आला.

"आई," वन्सं म्हणाल्या, "हे मी तुला एकदा सांगितलंय. किंक्रांतीला. मला वाटलं तू ऐकलंस. तुलाच आधी सांगायचं ठरवलं, कारण तू कुणाला सांगू शकत नाहीस. हसू नकोस."

आत्या हसत नव्हत्या. पुढे झुकून बसल्या होत्या.

"रवींद्र जाऊन नऊ वर्षं होतील. आमच्या ऑफिसात एक किरीटभाई आहेत. त्यांची बायकोही गेली. सहा वर्षांपूर्वी. बर्फात माझी गाडी बंद पडली तेव्हा त्यांनी घरी सोडलं, ते मी तुला सांगितलं होतं, पण पुढचं नव्हतं सांगितलं. गुजराती आहेत. डब्यात माझ्यासाठी थेपले आणतात. गाणं म्हणतात, फार वाईट म्हणतात. मला त्यांच्याशी लग्न करायचंय, आई. या वयात. मला रोज संध्याकाळी घरी गेल्यावर दिवा लावायला कुणी सांगत नाही."

बाहेर रिक्षा गेली. वन्सं ती जाईपर्यंत थांबल्या असं वाटलं, पण त्यांना ती ऐकू येत नव्हती. त्या आपल्या आपणच थांबल्या होत्या.

"त्या दिवशी हे सगळं सांगून झालं आणि तू उठलीस. माझ्याकडे पाठ केलीस आणि जाऊन दिवा लावलास. परत वळून बघितलं नाहीस. मी म्हटलं, हे तुझं उत्तर. किंक्रांतीला असलं काही बोलायला गेले तिथेच चुकलं. परवा मी त्यांना नाही म्हणून सांगितलं." मग आवाज बारीक झाला. "आता तुझं जे काय असेल ते असू दे. मला दिसत नाहीये तेच ठीक आहे. वहिनी, झालं माझं. कर तुझं काम."

कुठे बघावं ते मला कळेना. आत्यांकडे बघायचं धाडस नव्हतं. मला आठवली दोन वर्षांपूर्वीची दिवाळी, आत्या धडधाकट होत्या तेव्हाची. वन्सं परत निघाल्या होत्या. मी करंडा घेऊन उभी. मामंजी गेल्यापासून आत्यांनी करंड्याला हात लावला नव्हता, कुंकू लावायचं काम माझं. मी निघणाऱ्यांना लावत लावत वन्संपाशी आले आणि थांबले. आत्यांकडे बघितलं. त्या हळू म्हणाल्या, "साखर दे तिच्या हातावर." मी दिली. वन्संनी ती चाटून खाल्ली आणि म्हणाल्या, चला, तोंड गोड झालं.

तर कुठे बघावं म्हणून मी लॅपटॉपकडे बघितलं. आणि तिथे, कित्येक महिने रोज डोळ्यांसमोर असलेलं मला तेव्हा दिसलं. ओळीत नंबर लिहायचे दोन रकाने होते. एकावर 'पासून' आणि दुसऱ्यावर 'पर्यंत' अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलेलं. मी दोन्हीत एकच नंबर भरत आले होते. दोन ओळी लागतच नव्हत्या. मी सगळं पुसलं आणि एकच ओळ लिहिली, आठ हजारपासून आठ हजार एकपर्यंत. पहिली ओळच वाचणाऱ्याला एकच ओळ द्यायची. जतन करा दाबलं.

निळा ठिपका लागला. फळीवरून आवाज आला, "दिसलं. वहिनी, दिसलं." आणि लगेच, "आई कुठे गेली?"

खुर्ची रिकामी होती.

आत्या फळीकडे पाठ करून चालल्या होत्या. काठी, पाऊल, काठी, पाऊल. देवघरापाशी पोचल्या. समईचं बटण दाबलं. उजेड पडला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून. किंक्रांतीला आत्या नुसत्या वेळ झाली म्हणून उठल्या असतील, पण वन्संना जे दिसलं असेल ते अगदी हेच असणार. मी तोंड उघडलं, पण काय बोलणार? मी आत्यांच्या वतीने एक शब्दही बोलू शकत नव्हते, त्यांच्याकडे निदान एक होता.

मग त्या वळल्या. काठी देवघराला टेकवून ठेवली होती. छातीशी काहीतरी धरलं होतं. हळदीकुंकवाचे दिवस, करंडा देवघरात बाहेरच होता.

काठीशिवाय येत होत्या म्हणून मी धावले. "बरं," त्या म्हणाल्या, आणि मी जागच्या जागी थांबले. पंचवीस वर्षं मी ती आज्ञा ओळखत होते. फळीपर्यंत आल्या. करंडा पोटाशी दाबून डाव्या हाताने झाकण फिरवलं, थोडं कुंकू पातळावर सांडलं. करंडा फळीवर ठेवला. आणि मग डाव्या हाताने त्यांनी आपलं उजवं मनगट धरलं, एखादं जड भांडं उचलावं तसा तो हात उचलला, आणि त्याचं मधलं बोट करंड्यात टेकवलं.

"वहिनी, काय करतेय ती?" वन्संनी विचारलं. "मला नुसता पदर दिसतोय."

हात थरथरत वर चालला होता. पहिल्यांदा बोट चुकून भिंतीला लागलं, तिथे लाल रेघ उठली. दुसऱ्यांदा कॅमेऱ्याच्या कडेला. आत्यांनी ओठ मिटून घेतले, मनगट घट्ट धरलं आणि तिसऱ्यांदा बोट नेमकं त्या वाटोळ्या काचेवर टेकवलं. जरा दाबलं. नीट, गोल.

"परत गेलं चित्र," फळीवरून वन्सं म्हणाल्या. "काळं नाही झालं या वेळी. सगळं लाल दिसतंय. वहिनी, आता कुठल्या ओळीत बिघाड झाला?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. हे सांगायचं काम माझं होतं.

"वन्सं," मी म्हटलं, "राउटर ठीक आहे. जरा कपाळ पुढे करा."